कोल्हापूरहून रोमला जायचंय? मग प्लॅनिंग असं करा, आणि एक दिवस फ्लॉरेन्सला द्या

युरोप म्हटलं की आपल्याकडं पहिला विचार टूर कंपनीचाच येतो, बारा दिवसांत सात-आठ देश, सकाळी सहाला उठायचं, बसमध्ये बसायचं, उतरून फोटो काढायचे आणि परत बसमध्ये. ज्यांना ते जमतंय त्यांनी जरूर जावं, पण माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाताना एकच राजधानी निवडा, तिथं सहा-सात रात्री एकाच हॉटेलात काढा, बॅग एकदाच उघडा आणि शहर नीट बघा. आणि कोल्हापूरकरानं ती राजधानी रोम निवडावी असं मला मनापासून वाटतंय.

का ते सांगतो. आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथं पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली, दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी जो व्यापार चालायचा त्यातनं ती इथवर आलेली. टाऊन हॉलच्या म्युझियममुळं ती आपल्या माहितीची, पण कितीजणांनी ती बघितलीय? रोमला जायच्या आधी एखाद्या रविवारी घरच्यांना, विशेषतः पोरांना घेऊन टाऊन हॉलला जा. नंतर रोममध्ये पियाझ्झा नव्होनात नेपच्यूनचं कारंजं बघाल तेव्हा पोरांना सांगता येतंय की हाच तो पोसायडन, रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणायचे.

दुसरं कारण याहून मोठं आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले आणि परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले, वय जेमतेम वीस. शिवाजी महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते हे नव्हेत, आणि विसाव्या शतकातले राजाराम महाराज पण नव्हेत, हे शाहू महाराज दत्तक यायच्या आधीचे. अर्नो नदीच्या काठी त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि तिथंच त्यांची छत्री आजही उभी आहे. तेव्हा इटलीची राजधानी फ्लॉरेन्सच होती, १८६५ ते १८७१ पर्यंत, रोम राजधानी झालं ते त्यानंतर. रोमहून फ्लॉरेन्स फास्ट ट्रेननं दीड तासावर आहे, म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत. इतक्या लांब इटलीत जायचं आणि तिथं जायचं नाही, हे आपल्या माणसानं करू नये.

आता प्लॅनिंगचं. आधी महिना ठरवा, मग व्हिसा, मग तिकीट, या क्रमानं जाऊ. खाली युरोचे जे आकडे देतोय ते पैसे भरायच्या दिवशी अधिकृत साइटवर परत एकदा बघून घ्या, तिकडं दर वाढत असतात.

रोमला जायला एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन ३५ च्या वर जातंय, कलोसियमच्या आत सावली कमी, त्यात तोबा गर्दी. १५ ऑगस्टला त्यांचा मोठा सण असतोय, त्या आठवड्यात बरीच घरगुती हॉटेलं आणि दुकानं बंद ठेवून लोक गावाला जातात. शाळेची पोरं असतील तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरा, फक्त ईस्टर कधी येतंय ते कॅलेंडरमध्ये बघा, कारण त्या आठवड्यात व्हॅटिकन माणसांनी भरलेलं असतंय आणि रूमचे दर चढतात. पोरं नसतील तर गणपती झाले की लगेच निघा. नवरात्रात बरेच कोल्हापूरकर गाव सोडत नाहीत, ते गणित आधीच घरात बोलून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर गर्दी कमी मिळते, पण नोव्हेंबरला रोममध्ये पाऊस असतोय आणि पाचलाच अंधार पडतोय, आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर मी तो महिना टाळीन.

आता व्हिसा, खरं डोकं इथं घालायचं. इटलीला शेंगेन व्हिसा लागतोय, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नका. नियमानं निर्णय पंधरा दिवसांत द्यायचा असतो पण कागद कमी वाटला तर ४५ दिवसांपर्यंत लांबवू शकतात, आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी तर अपॉइंटमेंटच मिळत नाही. म्हणून एप्रिलात जायचं असेल तर नाताळच्या सुट्टीत कागद गोळा करा आणि जानेवारीत अपॉइंटमेंट घ्या. सप्टेंबरला जायचं असेल तर मे-जूनमध्ये कामाला लागा. महाराष्ट्राचे अर्ज इटलीच्या मुंबईतल्या वकिलातीकडं जातात, अर्ज घ्यायचं काम व्हीएफएसचं सेंटर करतंय, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतंय. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळं गेल्या चार-पाच वर्षांत कुणी युरोपला जाऊन आलं असेल तर ते अर्जात लिहा.

व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या पोरांना ४५, सहाच्या आत काही नाही, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज. व्हिसा नाकारला तर ही फी परत मिळत नाही, म्हणून कागद एकदाच नीट लावा.

पासपोर्ट आधी बघा. युरोपातनं बाहेर पडायच्या तारखेनंतर निदान तीन महिने तो चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत. आईवडिलांचे पासपोर्ट कपाटात पडून मुदत संपलेले निघतात, ते सगळ्यात आधी काढून बघा. नवीन काढायला आता पुण्याला जायला नको, कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. नावाचं स्पेलिंग आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडं एकच आहे का तेवढं तपासा, आपल्याकडं वडिलांचं नाव कुठं मधे असतंय, कुठं नसतंयच.

पैशाचे कागद म्हणजे बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, शिक्क्यासकट, आणि दोन-तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न. नोकरी असेल तर सॅलरी स्लिप आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र. धंदा असेल, गुजरीत दुकान असो की शिरोलीत फौंड्री, तर जीएसटीचं सर्टिफिकेट आणि फर्मचे कागद. शेती असेल तर सातबारा आणि कारखान्याच्या ऊसबिलाच्या नोंदी बँकेत आलेल्या दिसू द्या, सोबत इंग्रजीत एक पान लिहून द्या की शेती किती, ऊस किती, वर्षाला साधारण उत्पन्न किती. अर्ज वाचणाऱ्या माणसाला गुंठा-एकर कळत नाही, हेक्टरमध्ये लिहा. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडनं तरी पाच लाख आणून खात्यात टाकू नका, स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतंय आणि प्रश्न उभा राहतो. खात्यात नेहमी जसा पैसा फिरतो तसा फिरू दे.

इन्शुरन्स निदान ३० हजार युरोच्या कव्हरचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतोय. सत्तरीच्या वरच्या माणसांचा प्रीमियम जास्त येतोय, तरी त्यात बीपी-शुगरसारखे आधीपासूनचे आजार किती कव्हर होतात ते एजंटला स्पष्ट विचारा आणि पॉलिसीत लिहिलेलं दाखव म्हणा. सोबत एक साधं कव्हरिंग लेटर लिहा, कोण कोण चाललंय, कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, खर्च कोण करतंय आणि परत कशासाठी यायचंय. रोज कुठं जाणार याचा तक्ता जोडला तर चांगलंच. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा हा नियम आहे, आपण सगळ्या रात्री रोममध्येच काढणार म्हटल्यावर तो प्रश्नच मिटला.

विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग व्हिसाच्या आधी दाखवावं लागतंय, म्हणून हॉटेल फुकट कॅन्सल होणारं घ्या आणि विमानाचं तिकीट कॅन्सल केलं तर किती कापणार ते वाचून घ्या. मुंबईहून दुबई, दोहा, अबुधाबी मार्गे रोमला भरपूर विमानं आहेत. मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी घेऊ नका आणि आईवडील असतील तर तीन तास बरे, त्यांच्यासाठी बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि मोठ्या विमानतळावर चालायचं अंतर खरंच फार असतंय.

कोल्हापूर ते मुंबई हा पण प्रवासाचाच भाग आहे हे विसरून चालत नाही. उजळाईवाडीहून मुंबईचं विमान आहे पण ते पावसात किंवा धुक्यात लेट झालं, कॅन्सल झालं तर पुढचं इंटरनॅशनल विमान थांबत नाही, आणि तिकिटं वेगवेगळी काढलेली असली तर भरपाई कुणी देत नाही. म्हणून मी म्हणेन महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघा, सकाळी दादरला उतरा, एखाद्या पाहुण्याकडं आंघोळ-जेवण करा आणि रात्रीचं नाहीतर पहाटेचं विमान धरा. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतंय, तो दिवस मोबाईलमध्ये लावून ठेवा. घाटात नाहीतर हायवेवर ट्रॅफिक लागला तर काय, म्हणून खासगी बसनं त्याच दिवशी पोचायचा हिशोब करू नका.

रोमला फियुमिचिनो विमानतळावर उतरलं की इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यांची नवीन यंत्रणा ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, रांगेचा वेळ धरा. हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि इन्शुरन्स यांच्या प्रिंट हाताशी ठेवा, विचारलं तर मोबाईल शोधत बसायला नको. तिथनं टर्मिनी म्हणजे मुख्य स्टेशनला जायला लिओनार्डो एक्सप्रेस आहे, ३२ मिनिटं, माणशी १४ युरो. विमानतळावरच्या स्टेशनवरनं साधी लोकल पण सुटते, ती ८ युरोत ट्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिनाला जाते, हॉटेल त्या बाजूला असेल तर तीच घ्या. चौघं असाल तर पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा जुन्या शहरापर्यंतचा ठरलेला दर असतोय, तो रेल्वेच्या चार तिकिटांच्या आसपासच येतोय आणि थेट हॉटेलच्या दारात सोडतात. आत येऊन टॅक्सी टॅक्सी विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका, बाहेरच्या स्टँडवर रांगेत उभं राहा.

हॉटेल कुठं घ्यावं? टर्मिनीच्या आसपास स्वस्त मिळतंय, मेट्रोच्या दोन्ही मुख्य लाइन तिथं भेटतात आणि फ्लॉरेन्सची गाडी तिथनंच, म्हणून कुटुंबाला सोयीचं. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर मोंती भाग बघा, कलोसियम चालत. व्हॅटिकनजवळचं प्रातीपण शांत आणि स्वच्छ. रूम घेताना लिफ्ट आहे का हे वाचाच, जुन्या इमारती आहेत, काही ठिकाणी तीन-तीन जिने चढून बॅगा न्याव्या लागतात. शहराचा टॅक्स वेगळा असतोय, माणशी रोज रात्रीचा, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे बदलतोय, आणि तो बहुतेक ठिकाणी हॉटेलवरच भरायचा असतो, ऑनलाइन दिलेल्या पैशात धरलेला नसतोय. चौघांचा सहा रात्रींचा हिशोब केला तर रक्कम छोटी नाही, बजेटमध्ये लिहून ठेवा.

आता बघायच्या ठिकाणांची तिकिटं. कलोसियमची तिकिटं साधारण तीस दिवस आधी अधिकृत साइटवर सुटतात, साधं तिकीट १८ युरो, त्यातच समोरचा फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, आणि पॅलेटाइन टेकडी येतेय. तिकिटावर नाव असतंय, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला आणि ओळखपत्र घेऊन जा. अठरा वर्षांच्या आतल्या पोरांना फुकट, पण त्यांचं शून्य रुपयाचं तिकीट सुद्धा बुक करावंच लागतंय. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिरातीवाल्या साइट येतात आणि त्याच तिकिटाला दुप्पट-तिप्पट घेतात, खाली उतरून अधिकृत साइट शोधा. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं फुकट प्रवेश असतो, पण त्या दिवशी रांग बघूनच माणूस परत फिरतो, तो दिवस टाळा.

व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे ५, सिस्टीन चॅपल त्याच्या आतच आहे. रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी फुकट उघडं. सेंट पीटर्स बॅसिलिका वेगळी, तिला तिकीट नाही पण सिक्युरिटीची रांग असते, सकाळी सातला उघडते तेव्हाच गेलात तर निवांत बघायला मिळतंय. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बाया असोत की पुरुष, हाफ पँटवाल्यांना दारातनं परत पाठवतात. आपल्या बायकांना साडी, पंजाबी ड्रेसमध्ये काहीच अडचण नाही. वर घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० चढायच्याच, जोतिबाच्या पायऱ्या दमानं चढणाऱ्यांना जमेल पण शेवटचा जिना अरुंद आणि तिरका आहे, श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी खालीच थांबावं. बुधवारी सकाळी पोप लोकांना भेटतात तेव्हा चौकात बरीच बंदी असते, तो दिवस दुसरीकडं वापरा.

पँथिऑन मात्र सावकाश बघा. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण सन १२६ च्या सुमाराला बांधून झालेली ही इमारत, घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, आत एक सळई नाही, नुसतं काँक्रीट. घुमटाच्या मध्यावर गोल उघडं भोक आहे, काच नाही, जाळी नाही, पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि फरशीला बारीक छिद्रं आहेत त्यातनं वाहून जातो. त्या भोकातनं उन्हाचा गोल कवडसा भिंतीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो, आणि २१ एप्रिलला, म्हणजे रोमच्या स्थापनेचा दिवस मानतात त्या दिवशी, भर दुपारी तो बरोबर दारावर येतो. अंबाबाईचा किरणोत्सव बघायला जे दरवर्षी देवळात उभे राहतात त्यांना हे वेगळं समजवायला नको. एप्रिलात जाणार असाल तर ही तारीख धरूनच तिकीट काढा. प्रवेश ५ युरो.

बोर्गेझे गॅलरीत फक्त ठरलेल्या वेळेला दोन तास सोडतात आणि बुकिंगशिवाय सोडतच नाहीत, सोमवारी बंद. शिल्पाची आवड असेल तर इथं जाच, बर्निनीनं संगमरवरात कोरलेली डॅफनी आहे, ग्रीक गोष्टीतली झाड झालेली मुलगी, तिच्या बोटांची पानं होताना दाखवलीत, पानं इतकी पातळ की दगड आहे हे डोळ्याला पटत नाही. ट्रेव्हीचं कारंजं सकाळी सातच्या आत बघा, नंतर तिथं नुसती डोकी दिसतात. स्पॅनिश स्टेप्सवर बसायला बंदी आहे, दंड होतो, पाय दुखले तरी पायरीवर टेकू नका.

रोजचा बेत असा ठेवा की सकाळी एक मोठी गोष्ट, दुपारी हॉटेलवर पडी, संध्याकाळी पाचनंतर नुसतं फिरणं. एक दिवस कलोसियम आणि फोरम, एक दिवस व्हॅटिकन, एक दिवस पँथिऑन, नव्होना, ट्रेव्ही चालत चालत, एक दिवस बोर्गेझे आणि भोवतीची बाग, एक दिवस फ्लॉरेन्स, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. मोकळ्या दिवसावर काही लिहू नका. कुणाचं तरी पोट बिघडतंय, कुठंतरी पाऊस येतोय, नाहीतर एखादी गल्ली आवडली म्हणून परत जावंसं वाटतंय, त्याला तो दिवस लागतो.

रस्ते जुन्या शहरात काळ्या चौकोनी दगडांचे आहेत, वर-खाली, त्यावर चप्पल घालून दिवसभर चालता येत नाही, कोल्हापुरी तर नाहीच, जाड तळाचे बूट घ्या आणि निघायच्या महिनाभर आधीपासून रंकाळ्याला रोज एक चक्कर मारून पायाला सवय लावा. पाण्याची बाटली सोबत ठेवा, शहरभर रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ आहेत, चोवीस तास वाहतात, पाणी गार आणि प्यायचं. नळाचं तोंड बोटानं दाबून धरलं की वरच्या बारीक भोकातनं धार उडते, वाकायला नको, पोरांना हे लई आवडतंय.

बस-मेट्रोचं तिकीट दीड युरो, शंभर मिनिटं चालतं, पण मेट्रो त्यात एकदाच. बसमध्ये चढलं की मशीनला लावून शिक्का मारून घ्यायचा, नुसतं खिशात असून उपयोग नाही, चेकर आला तर दंड करतोय. बँकेचं कार्ड टॅप करून पण जाता येतंय, फक्त प्रत्येकाचं वेगळं कार्ड पाहिजे, एकाच कार्डावर चौघं जात नाहीत. टर्मिनीहून व्हॅटिकनला जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. पाकीट पुढच्या खिशात, सॅक पोटावर, आणि दोघी-तिघींनी अचानक घोळक्यानं घेरलं की मोठ्यानं बोला आणि बाजूला व्हा. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, झेरॉक्स अंगावर, मात्र कलोसियमच्या दिवशी ओळखपत्र लागतंय हे लक्षात ठेवा. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसात तक्रार, मग भारतीय दूतावास, तो व्हिया व्हेन्ती सेत्तेंब्रे या रस्त्यावर आहे. इमर्जन्सी नंबर ११२.

पैशाचं म्हणाल तर फॉरेक्स कार्डावर युरो भरून न्या, दोन-तीनशे युरो रोख, आणि एक व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड इंटरनॅशनल चालू करून. दुकानात मशीनवर रुपयात देऊ का युरोत असं विचारतं तेव्हा नेहमी युरो दाबा, रुपयात त्यांचा रेट महाग असतोय. आपलं यूपीआय तिथं धरून चालू नका. युरो मुंबई विमानतळावर घेऊ नका, कोल्हापुरातच बँकेतनं नाहीतर परवाना असलेल्या फॉरेक्सवाल्याकडनं घ्या. टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, ते रिटर्न भरताना समायोजित होतंय, सर्टिफिकेट मागून ठेवा.

खाण्याचं. शाकाहारी माणूस रोममध्ये उपाशी राहत नाही. पिझ्झा अल ताल्यो म्हणजे कात्रीनं कापून वजनावर विकणारा पिझ्झा, बटाट्याचा, दोडक्यासारख्या झुकिनीचा, नुसत्या टोमॅटोचा, गल्लोगल्ली मिळतोय, हातानं दाखवायचं एवढा दे म्हणून. पास्त्यात काचो ए पेपे मागवा, चीज आणि मिरं. कार्बोनारा आणि अमात्रिचानात डुकराचं मांस असतंय हे पाठ करून ठेवा, आणि भाताचे तळलेले गोळे मिळतात सुप्ली नावाचे, दिसायला बटाटावड्यासारखे, पण त्यात बहुतेक वेळा खिमा असतोय. ऑर्डर देताना सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे एवढं म्हणा, मांस नको, मासा नको, ते समजून घेतात. तिथल्या पेकोरिनो चीजमध्ये जनावराच्या जठरातला रस वापरतात, त्यामुळं अगदी कडक पाळणाऱ्यांनी बिनचीजचा मरिनारा पिझ्झा घ्यावा. ज्यू वस्तीच्या भागात अख्खं आर्टिचोक तळून देतात, कमळासारखं उमललेलं आणि कडेनं कुरकुरीत, ते चुकवू नका. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे बघा. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलवर बसलं की दर वेगळा.

तीन दिवसांनी तिखटाची आठवण येणारच. भडंग, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठाची भाजणी हे न्यायला काही हरकत नाही, सीलबंद पाकिटात न्या. पण पेढे, तूप, लोणी, चीज, मांसाचं काहीही नेऊ नका, बाहेरनं दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. पाहुण्यांसाठी पेढ्याचा बॉक्स घेणार असाल तर तो इथंच ठेवा. टर्मिनीजवळ पियाझ्झा व्हित्तोरिओच्या बाजूला मोठं मार्केट आहे, तिथं डाळ, तांदूळ, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतंय, किचन असलेली रूम घेतली असेल तर पिठलं-भात करता येतोय.

आता फ्लॉरेन्सचा दिवस. टर्मिनीहून फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनची फास्ट गाडी महिनाभर आधी काढली तर बरीच स्वस्त पडते, सकाळी सात-साडेसातची घ्या आणि परतीची संध्याकाळी सातनंतरची. सोमवार टाळा, उफिझ्झी गॅलरी आणि मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा असलेली अकाडेमिया दोन्ही बंद असतात. उतरल्यावर मी म्हणेन आधी छत्रीकडंच जा, सकाळी बाग शांत असते आणि मग दिवस मोकळा. कास्चिने ही अर्नोकाठची लांबलचक बाग, साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि छत्री तिच्या पार पश्चिम टोकाला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी अर्नोला मिळते. ट्राम टी-वन स्टेशनजवळनं सुटते, कास्चिने स्टॉपला उतरून नदीच्या कडेकडेनं चालत जायचं, सपाट सावलीचा रस्ता आहे पण पाऊण तास धरा. आईवडील असतील तर स्टेशनसमोरच्या स्टँडवरनं टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला मोनुमेंतो आल इंदियानो असं सांगा, शेजारचा मोठा पूलसुद्धा त्याच नावानं ओळखला जातो, त्यामुळं लगेच कळतंय. परत यायला टॅक्सी तिथं उभी नसते, त्याच ड्रायव्हरला थांबायला सांगा किंवा अॅपवरनं बोलवा. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, गर्दी नको असेल तर दुसरा वार निवडा.

छत्री १८७४ मध्ये उभी राहिली. चार खांबांवर घुमटी, भोवती लोखंडी कठडा, आणि मध्ये महाराजांचा अर्धपुतळा, रंगीत, डोक्याला पगडी, चेहरा अगदी कोवळा. पुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हे तेच मँट ज्यांनी नंतर आपला न्यू पॅलेस बांधला. फोटो काढताना खांबांची नक्षी जवळनं घ्या आणि परत आल्यावर न्यू पॅलेसच्या कमानींसमोर उभं राहून बघा, मला तरी त्यात एकच हात दिसतो. फुलं वाहायची असतील तर ती फ्लॉरेन्समध्येच घ्या, इथनं नेऊ नका, आणि कठड्याच्या बाहेरच ठेवा, दगडाला कुंकू-तेल लावू नका, जुना दगड आहे. जमलं तर पोरांना तिथंच महाराजांची गोष्ट सांगा, जहाजानं समुद्र ओलांडून जाणं त्या काळात आपल्या समाजात किती मोठी गोष्ट होती तेही सांगा.

अकराच्या सुमाराला गावात परत या. ब्रुनेलेस्कीनं बांधलेला कॅथेड्रलचा घुमट १४३६ चा, तो बाहेरनं बघून पण मन भरतंय, वर जायला ४६३ पायऱ्या आणि आधी बुकिंग लागतंय. उफिझ्झी नाहीतर डेव्हिड, दोन्हीतलं एकच निवडा, दोन्ही करायला गेलात तर पळापळ होते. संध्याकाळी पोंते वेक्योवर जा, पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं आहेत, गुजरीतल्या माणसाचा तिथं सहज तासभर जातोय, मग स्टेशन.

परतीचं एवढं सांभाळा की मुंबईला विमान उतरायच्या वेळेनंतर निदान सहा तासांनी सुटणारी गाडी काढा. सकाळी लवकर उतरत असाल तर कोयनाच्या मागं धावू नका, रात्रीची महालक्ष्मी काढून ठेवा. आणि ऑफिसची रजा पोचायच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवून घ्या.